‘मला रोबोटिक्सची आवड आहे’ यापुढे काय सांगायचं?

प्रश्न: मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आहे. इंटर्नशिपसाठी आणि एका प्राध्यापकांच्या लॅबमध्ये काम मिळावं म्हणून स्वतःची ओळख लिहितोय. सध्याचा मजकूर असा आहे: ‘मी तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असून मला रोबोटिक्स, एआय, इलेक्ट्रिक वाहनं, थ्रीडी प्रिंटिंग आणि ऑटोमेशन यांची मनापासून आवड आहे. मला सॉलिडवर्क्स, अ‍ॅन्सिस, मॅटलॅब आणि पायथन येतं. मी मेहनती आहे आणि लवकर शिकतो.’ आम्ही चौघांनी एक रोबोटिक आर्म बनवला आहे, पण वजन उचलून पूर्ण लांब केला की तो थरथरतो, म्हणून त्याचा उल्लेख टाळला. वर्गातल्या सगळ्यांची ओळख अशीच दिसते. आणखी एखादा ऑनलाइन कोर्स करून यादी वाढवू का?

उत्तर: कोर्स करायचा तर खुशाल करा, पण ही यादी वाढवण्यासाठी नको. मशीन डिझाइनमध्ये बरीच वर्षं काढली, नव्या मुलांच्या मुलाखतीही घेतल्या. त्या खुर्चीतून सांगतो, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात वाचनीय गोष्ट तुम्ही ओळखीतून वगळली आहे. तो थरथरणारा हात.

तुमचा मजकूर वाचणाऱ्याच्या बाजूनं पाहा. ‘रोबोटिक्सची आवड’ हे वाक्य त्याच्यासमोर सकाळपासून अनेकदा येऊन गेलेलं असतं. त्यावर विचारण्यासारखं काही नसतं, मग तो स्वतःच्या मनानं पुस्तकातला एखादा प्रश्न विचारतो आणि तुम्ही गडबडता. याउलट ‘आमचा आर्म २०० ग्रॅम वजन घेऊन पूर्ण लांब झाला की थरथरतो, कारण शोधतोय’ असं लिहिलंत, तर पुढची दहा मिनिटं तुमच्या मैदानावर खेळली जातात. कुठलाही अनुभवी माणूस ते वाचून लगेच विचारेल, ‘मोटरला सप्लाय वेगळा दिलाय का?’ संवाद तिथून सुरू झाला की अर्धं काम झालं.

आता मुद्दा असा, की नुसतं ‘थरथरतो’ म्हणून भागणार नाही. ती थरथर तुम्ही किती खोलात जाऊन पाहिली, यावरच तुमची आवड कळते. तुमच्या आर्मची मापं मला माहीत नाहीत, म्हणून काही आकडे गृहीत धरतो. तुमचे आकडे घालून हेच गणित करा.

खांद्याच्या जॉइंटपासून ग्रिपरच्या (वस्तू पकडणाऱ्या पंजाच्या) टोकापर्यंत ३० सेंटिमीटर आणि टोकाला २०० ग्रॅम वजन. आर्म आडवा पूर्ण लांब असताना या वजनाचा खांद्यावर येणारा टॉर्क (फिरवणारा जोर) ६ किलोग्रॅम-सेंटिमीटर. मनगट आणि ग्रिपर मिळून १५० ग्रॅम, खांद्यापासून २४ सेंटिमीटरवर, म्हणजे ३.६. कोपराची मोटर ६० ग्रॅम, १५ सेंटिमीटरवर, म्हणजे ०.९. दोन्ही लिंक (जॉइंटमधले दांडे) मिळून १०० ग्रॅम, त्यांचा गुरुत्वमध्य साधारण १५ सेंटिमीटरवर, म्हणजे १.५. सगळी बेरीज १२. उचलायच्या वजनाला जितका टॉर्क लागतो, तितकाच आर्मला स्वतःचं वजन पेलायला लागतो. हे एक वाक्य ओळखीत आलं तरी वाचणारा थांबतो, कारण ते फक्त गणित करून पाहिलेल्या माणसालाच सुचतं.

खांद्याला १५ किलोग्रॅम-सेंटिमीटरचा सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर) बसवला असेल तर कागदावर तो पुरतो. पण छोट्या सर्व्होच्या डेटाशीटमध्ये ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा स्टॉल टॉर्कचा असतो. मोटर फिरायची थांबते तिथला तो आकडा. रोज काम करण्यासाठी त्याच्या अर्ध्याच्या आतच राहावं, जमलं तर एक तृतीयांशाच्या आसपास. तुम्ही नुसतं स्थिर धरायलाच ८० टक्के वापरताय, हलवायला लागणारा टॉर्क आणायचा कुठून? (आणि हो, डेटाशीट किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये असली तरी लिहिताना न्यूटन-मीटरही द्या. १२ म्हणजे साधारण १.२ न्यूटन-मीटर. एककांचा गोंधळ फक्त विद्यार्थ्यांचाच होतो असं समजू नका. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हातचं गेलं ते एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती म्हणून.)

पण टॉर्क अपुरा असेल तर हात खाली झुकेल, थरथरेलच असं नाही. थरथरीला निदान चार संशयित आहेत. एक, सर्व्होच्या आतलं नियंत्रण: ठरलेल्या जागेच्या थोडं खाली गेलं की तो जोर लावतो, पुढे निघून जातो, परत येतो. गिअरमधली मोकळी चाल, म्हणजे बॅकलॅश, त्यात भर घालते. दोन, वीजपुरवठा: लोड वाढला की सर्व्हो एकदम मोठा करंट ओढतो, व्होल्टेज पडतं, जोर कमी होतो, करंट उतरतो, व्होल्टेज सावरतं आणि पुन्हा तेच. मायक्रोकंट्रोलरही त्याच सप्लायवर असेल तर तोही मध्येच रिसेट होतो आणि गट मात्र रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसतो. तीन, लिंकचा लवचिकपणा. चार, कोडमधून जाणारे कमांड, जे एकसारखे न जाता पायऱ्यापायऱ्यांनी जातात.

यातला खरा कोण, हे शोधायला महागडं काही लागत नाही. सर्व्होला वेगळा, भक्कम सप्लाय द्या (ग्राउंड मात्र एकत्र हवं) आणि काय बदलतं ते पाहा. कमांड एकाच कोनावर स्थिर ठेवा. तरीही थरथर असेल तर चौथा संशयित सुटला. मग फोनवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये टोकाचं चित्रण करा आणि एका हेलकाव्याला किती फ्रेम लागतात ते मोजा. ३० फ्रेम लागल्या तर कंपन ८ हर्ट्झचं. आता सगळे जॉइंट घट्ट बांधून टाका, सर्व्हो बंद करा, टोकाला टिचकी मारा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे जवळ आले तर लिंकवर संशय पक्का, फार वेगळे आले तर सर्व्होच्या आतल्या नियंत्रणाकडे वळा. टोकाचं वजन बदलूनही हेच करून पाहा. लिंकच्या स्वतःच्या कंपनाची वारंवारिता वस्तुमान वाढलं की उतरायलाच हवी.

लिंक दोषी निघाली तर तिथे तुमचा अभ्यास कामाला येतो. कँटिलीव्हरच्या (एकच टोक घट्ट धरलेल्या दांड्याच्या) टोकाचं झुकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं आणि आयताकृती छेदाचा ताठपणा खोलीच्या घनाच्या प्रमाणात. लिंकची उभी खोली दुप्पट केली की ती आठपट ताठ होते, वजन मात्र दुप्पटच होतं. थ्रीडी प्रिंटिंगच्या पीएलए प्लास्टिकचा यंग्ज मोड्युलस (पदार्थाच्या ताठपणाचं माप) ३ गिगापास्कलच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमचा ७०. घनता मात्र दुपटीच्या थोडीच वर. मग सगळी लिंक अ‍ॅल्युमिनियमची करायची, की छपाईच्याच लिंकची खोली वाढवायची, की कोपराची मोटर मागे खांद्याजवळ आणून पट्ट्यानं कोपर फिरवायचा? शेवटचा मार्ग औद्योगिक रोबोंमध्ये सर्रास दिसतो. मोटर मागे सरकवल्या की टोकाकडचं वजन उतरतं. तुम्ही यापैकी काय निवडलं आणि का, एवढं दोन ओळीत सांगता आलं तर ‘लवकर शिकतो’ हे लिहायची गरज उरत नाही.

आर्म अजून थरथरतोय, म्हणून लाज वाटते का? विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधलं सगळं सुरळीत चाललं असं कुणी सांगितलं की माझा तरी विश्वास बसत नाही. अर्धवट सुटलेला प्रश्न नीट मांडता येणं ही नोकरीत रोज लागणारी गोष्ट आहे. फक्त ‘कारण सापडलं’ आणि ‘कारण असावं असा अंदाज आहे’ यांतला फरक लिहिताना पाळा. पहिलं मोजमापाशिवाय म्हणू नका.

अभ्यासाबद्दल तुम्ही जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही, फक्त वर्ष. हे विद्यार्थ्यांमध्ये नेहमी दिसतं: कॉलेजचे विषय म्हणजे परीक्षेचे, आणि आवड म्हणजे बाहेरचं काहीतरी चकचकीत. प्रत्यक्षात वरच्या दोन-चार परिच्छेदांत स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थिअरी ऑफ मशीन्स, व्हायब्रेशन आणि कंट्रोल एवढे विषय येऊन गेले. तुमच्या आर्मची थरथर सर्व्होच्या नियंत्रणातून येत असेल, तर ती वाफेच्या इंजिनाच्या गव्हर्नरच्या (वेग आपोआप काबूत ठेवणाऱ्या यंत्राच्या) हेलकाव्यांची सख्खी बहीण आहे. जेम्स वॉटनं अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. पुढे असे अनेक गव्हर्नर वेग स्थिर ठेवण्याऐवजी वरखाली हेलकावे घ्यायला लागले, आणि हे का होतं याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६८ मध्ये मांडलं. कंट्रोल सिस्टीम हा विषय इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा, आपला नाही, असं समजणाऱ्या मेकॅनिकलच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.

विषयांची यादी देऊ नका, ती गुणपत्रिकेत असते. एखादाच विषय घ्या आणि त्यातली कुठली गोष्ट डोक्यात बसली ते सांगा. मुलाखतीत मला विचारायला आवडणारा एक प्रश्न: बीम फार वाकतोय, म्हणून जास्त मजबूत स्टील घेतलं, तर तो कमी वाकेल का? निम्मी मुलं ‘हो’ म्हणून मोकळी होतात. साध्या स्टीलचा काय आणि उच्च प्रतीच्या स्टीलचा काय, यंग्ज मोड्युलस २०० गिगापास्कलच्या आसपासच असतो. इलॅस्टिक मर्यादेत बीम तितकाच वाकणार, फक्त कायमचा वाकडा व्हायला जास्त लोड लागेल. ज्याला ही गोष्ट एकदा मनापासून खटकली आहे, त्यानं तो विषय शिकला असं मी मानतो. मग मार्क कितीही असोत.

अभ्यास आणि आवड कुठे जुळतात हे पाहायचं असेल तर अपघातांचे तांत्रिक अहवाल वाचायची सवय लावा. १७ जुलै १९८१ ला अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलमधले टांगते पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरचे पूल छतापासून आलेल्या एकाच अखंड रॉडवर टांगायचे होते. बांधताना सोयीसाठी रॉडचे दोन तुकडे केले: वरचा पूल छताला आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला टांगला. दिसायला फरक किरकोळ. पण वरच्या बीमखालच्या नटवर आता दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. मुळात त्या जोडाची पहिली रचनाही नियमांत बसण्याइतकी सक्षम नव्हतीच. हे समजायला दुसऱ्या वर्षाचा फ्री बॉडी डायग्राम (एका भागावरची सगळी बलं दाखवणारी आकृती) पुरतो. कागद घ्या आणि दोन्ही रचनांचे काढून पाहा. एखाद्या विद्यार्थ्यानं ‘मला जोड कसे निकामी होतात यात रस आहे’ असं लिहून हे उदाहरण स्वतःच्या आकृतीसह मांडलं, तर त्याचं रोबोटिक्स नसलं तरी माझं काही अडणार नाही.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. ‘अ‍ॅन्सिस येतं’ म्हटलं की मी विचारणार, की भागाच्या आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यात मेश (गणितासाठी भागाचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक करत गेल्यावर स्ट्रेसचं, म्हणजे ताणाचं, काय होतं. तो वाढतच जातो, कुठे थांबत नाही. त्या रेखीय गणितात तिथल्या आकड्याला अर्थच नसतो. खऱ्या भागाला तिथे थोडी गोलाई असते, ती मॉडेलमध्ये दाखवावी लागते. हे माहीत नसेल तर ‘अ‍ॅन्सिसमध्ये सोप्या भागांचं स्टॅटिक विश्लेषण केलं आहे, उत्तर हातानं केलेल्या गणिताशी ताडून पाहिलं आहे’ एवढंच लिहा. ते कमी दिसतं, पण टिकतं. सॉलिडवर्क्सचं नाव लिहिण्यापेक्षा टॉलरन्ससकट एक स्वच्छ ड्रॉइंग जोडा.

एआय आणि इलेक्ट्रिक वाहनं काढून टाका. दोन्ही क्षेत्रं वाईट म्हणून नव्हे, तुमच्याकडे त्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही म्हणून. ठेवायचीच असतील तर लहान करून ठेवा. इलेक्ट्रिक वाहन म्हणजे काय? मोटर, इन्व्हर्टर, गिअर, चॅसी, की बॅटरीचं तापमान? मेकॅनिकलच्या मुलाला बॅटरी थंड ठेवण्याचा प्रश्न सगळ्यात जवळचा. सेलच्या अंतर्गत रोधामुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट करंट ओढला की उष्णता चौपट. हे वाचून ‘मग ती बाहेर काढायची कशी’ असा प्रश्न स्वतःहून पडला, तर ती तुमची आवड. नसेल पडत तर राहू द्या, काही बिघडत नाही.

चौघांनी बनवलेल्या वस्तूबद्दल लिहिताना सगळीकडे ‘आम्ही’ आलं की तुमचं काम कळत नाही, आणि सगळीकडे ‘मी’ आलं की दुसऱ्या तिघांपैकी कुणीतरी त्याच मुलाखतीला येतो. वस्तू ‘आम्ही’ची, त्यातला ठरावीक भाग ‘मी’चा, असं स्पष्ट लिहा.

तर तुमची ओळख मी साधारण अशी लिहीन. आकडे आणि निष्कर्ष तुमच्या मोजमापांप्रमाणे बदला:

‘मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आहे. चौघांच्या गटात आम्ही चार जॉइंटचा, ३० सेंटिमीटर पोहोच असलेला रोबोटिक आर्म बनवला. त्यातल्या लिंकचं डिझाइन आणि मोटरची निवड माझ्याकडे होती. २०० ग्रॅम वजन घेऊन पूर्ण लांब झाल्यावर तो थरथरतो. वेगळ्या सप्लायवरही थरथर कायम राहिली. चित्रणावरून मोजलेली वारंवारिता आणि जॉइंट बांधून टिचकी मारल्यावरची वारंवारिता जवळजवळ सारखी आली, त्यामुळे लिंकचा ताठपणा कमी पडतोय असा माझा अंदाज आहे. सध्या जास्त खोलीची लिंक छापून तो तपासतोय. या कामामुळे व्हायब्रेशन आणि कंट्रोल हे विषय मी नव्यानं वाचायला घेतले. लवचिक भाग असलेल्या यंत्रांचं नियंत्रण कसं करतात हे मला शिकायचं आहे.’

यात मेहनत, चिकाटी, आवड यांपैकी एकही शब्द नाही. सॉफ्टवेअरची नावं खाली एका ओळीत द्या.

इंटर्नशिपसाठी एवढं बस. प्राध्यापकांना लिहिताना शेवटचं वाक्य मात्र त्यांच्या कामाकडे वळवायला हवं. त्यासाठी त्यांचा निदान एक शोधनिबंध वाचा. पूर्ण कळणार नाही, ठीक आहे. प्रस्तावना, प्रयोगाची मांडणी आणि आलेख एवढं तरी पाहा आणि जिथे अडलात तो एक प्रश्न लिहा. ‘आकृतीतल्या दुसऱ्या मोडचं डॅम्पिंग तुम्ही कसं मोजलं?’ या धाटणीचा प्रश्न असेल तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते. ‘आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळावी’ हे वाक्य सगळेच लिहितात. तुम्ही त्याऐवजी आठवड्याला किती तास देऊ शकता आणि कधीपासून, ते लिहा. लॅब चालवणाऱ्याला ही माहिती खरंच लागते.

तोंडी ओळख करून द्यायची वेळ आली तर हाच मजकूर पाठ करू नका. पहिली दोन वाक्यं आणि थरथरीचं एक, एवढं सांगून थांबा. समोरच्याला रस असेल तर तो विचारेल. नसेल तर पुढच्या तपशिलानं तो वाढणार नाही. विचारलं तर फोनवरचं ते स्लो मोशनचं चित्रण दाखवा, आणि ते गॅलरीत शोधत बसावं लागू नये म्हणून आधीच वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा.